आयन इंजिनाचा पहिला रकाना

बिदरला लोक जातात ते किल्ला बघायला, नाहीतर गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला. मी यातलं काहीच पाहिलं नाही. तीन दिवस त्या जिल्ह्यात फिरले आणि किल्ल्याचा तट फक्त गाडीच्या काचेतून दिसला. माझ्या पर्समध्ये एका कागदाची झेरॉक्स होती. त्या कागदावर सहा रकाने होते, त्यातला पहिला कोरा होता, आणि तो कोरा का राहिला हे सांगू शकणारा माणूस मेंढरं घेऊन कुठंतरी हिंडत होता. त्याला शोधायला मी गेले होते. त्यामुळे प्रेक्षणीय स्थळांची अपेक्षा ठेवून कुणी हे वाचत असेल तर आधीच माफी मागते.

पहिल्यांदा इंजिनाचं सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. पुण्यात आम्ही अवकाशयानांसाठी आयन इंजिनं बनवतो. साध्या रॉकेटात जाळ होतो, आणि काही मिनिटांत सगळं इंधन संपतं. आयन इंजिनात जळत काहीच नाही. झेनॉन नावाचा वायू घ्यायचा, त्याच्या अणूंवर विजेचा भार चढवायचा, आणि एकापुढे एक बसवलेल्या दोन जाळ्यांमधल्या हजारभर व्होल्टच्या ओढीने ते अणू मागे फेकायचे. अणू मागे, यान पुढे. धक्का किती, तर तळहातावर वहीचं पान ठेवल्यावर जेवढं वजन लागेल तेवढा. पण हा धक्का महिनोन्महिने चालू ठेवता येतो आणि अवकाशात अडवणारं काही नसल्यामुळे वेग साठत जातो. आमचं छोटं यान असंच एका लघुग्रहाकडे निघालं होतं.

ते इंजिन बंद पडलं. चालू केलं की काही मिनिटांत वीज एका जाळीतून दुसरीत आरपार जाई आणि यंत्रणा आपली आपण बंद होई. दोन जाळ्यांमधलं अंतर नखाच्या जाडीएवढं. त्यात धातूचा बारीक कपचा अडकला असेल तर उपाय सोपा होता. यान सूर्याकडे वळवायचं, जाळ्या तापू द्यायच्या, परत फिरवून गार करायच्या. प्रसरण-आकुंचनाने कपचा निसटतो. पण जोडणीच्या वेळीच एखाद्या ठिकाणी अंतर कमी राहिलं असेल, तर तापल्यावर जाळ्या तिथं एकमेकींना टेकतील, चिकटतील, आणि इंजिन कायमचं गेलं. जोडणीच्या नोंदवहीत सहा ठिकाणची अंतरं लिहायची होती. पाच लिहिली होती. पहिल्या ठिकाणचा रकाना कोरा, आणि खाली सह्या दोन. एक बीरप्पा अण्णांची, ज्यांनी जोडणी केली. दुसरी तपासणीची, माझी.

निर्णय शुक्रवारी सकाळी दहाला होता. त्यापुढे धक्क्याचे दिवस कमी पडणार आणि लघुग्रह चुकणार. अण्णा निवृत्त होऊन गावी गेलेले. त्यांचा फोन वाजत राही आणि कुणी उचलत नसे. "मी जाऊन येते," असं मी बैठकीत म्हटलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी फार जबाबदार आहे. खरं म्हणजे तो कोरा रकाना मला पुण्यात बसू देत नव्हता.

कमठाणा, मंगळवार

बिदर स्टेशनवरून भाड्याची गाडी केली. चालवणारे सलीमभाई. त्यांनी आरशात माझं तोंड बघून पहिल्या पाच मिनिटांत निदान केलं, "टेन्शन नक्को लेव मॅडम, कमठाणा किधर भागता नै." कमठाणा पळालं नव्हतं, अण्णा मात्र पळाले होते.

दारात त्यांची बायको भेटली. नागम्मा अक्का. धिप्पाड बाई, हात पिठाने भरलेले. मी नाव सांगितल्यावर तिने मला आधी पाण्याचा तांब्या दिला, मग बसायला घोंगडी, आणि मग उत्तर.

"ते न्हाईत घरी. दिराचा गुडघा मोडलाय, म्हणून त्येची मेंढरं घेऊन हेच गेलेत. महिना झाला. सणाला बी यायचं न्हाई म्हणलेत."

"पण फोन तर वाजतो त्यांचा."

अक्काने कोनाड्याकडे बोट केलं. फोन तिथं चार्जरला लावलेला होता. "मेंढरं बिचकतेत म्हणून घरीच ठिवून गेलेत. नवं नाव दिसलं की मी उचलत न्हाई."

तीस वर्षं सूक्ष्म यंत्रं जोडणारा माणूस मेंढरांच्या झोपेसाठी फोन घरी ठेवून जातो, याचं एरवी मला कौतुक वाटलं असतं. त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं.

त्याच कोनाड्यात देव होते आणि भंडाऱ्याची वाटी होती. मग मला सगळीकडे भंडारा दिसू लागला. दाराच्या चौकटीवर बोटं, विजेच्या मीटरवर टिळा, मिक्सरवर टिळा, स्कूटरच्या हँडलवर तर चांगला थर. संस्थेतही अण्णांच्या खिशात कागदाच्या पुडीत मैलारच्या देवाचा भंडारा असे. आमच्या स्वच्छ खोलीत, जिथं डोक्यावरचा एक केसही चालत नाही, तिथं त्यांनी जाळीला एक बोट लावलं असेल का? भक्तीनेच, पण लावलं असेल का? आम्हीही खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहतोच की. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनाने संध्याकाळपर्यंत अण्णांवर खटला चालवून निकालही दिला होता.

अक्काने जेवायला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, वरून लसणाची फोडणी घातली. आमच्या घरी अंबाडी महिन्यातून एकदा, आवडीने. इथं ती आंबटपणाच्या जिवावर रोज ताटात असते. मला चव कळत नव्हती हे तिला कळलं असावं. "कामून जीव टांगून बसलाव? खावा अगोदर," ती म्हणाली. मग सांगितलं की आठवड्यापूर्वी कळप खटकचिंचोळीकडे होता, तिथल्या हायस्कूलच्या विजयाबाईंच्या शेतात लेंडीखतासाठी बसवला होता.

खटकचिंचोळी, बुधवार

भालकीवरून खटकचिंचोळीत शिरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि गावात चिटपाखरू नव्हतं. मोठं, बाजाराचं गाव, आणि दुकानांच्या फळ्या लागलेल्या, घरांना कुलपं. देवळाच्या पारावर एक कुत्रं तेवढं आमच्याकडे बघत होतं. काही आजार-बिजार पसरला की काय, असं माझ्या मनात आलंच.

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, आज येळवस है मॅडम. पूरा गाव खेत में."

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली येळ अमावस्या. पुण्यात हा सण कुणाला नावानेही ठाऊक नाही. लातूर, बिदर, कलबुर्गीकडे मात्र त्या दिवशी सगळं गाव डोक्यावर पाट्या घेऊन शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपट, उभारतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा झाली की आंबील शेतभर शिंपडत फिरतात, आणि मग दिवसभर जेवण. त्यातला नियम असा की वाटेने जाणाऱ्याला जेवू घातल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. माझ्यासारख्या घाईतल्या बाईला हा नियम म्हणजे नाकाबंदीच होती.

पहिल्या शेतात मी विजयाबाईंचा पत्ता विचारला आणि भज्जी खाल्ली. भज्जी म्हणजे भजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हाताला येईल ती पालेभाजी बेसनात शिजवलेली, त्यात चिंचेचा कोळ. सोबत उंडे, म्हणजे बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे. दुसऱ्या शेतात पत्ता विचारला आणि गव्हाची खीर खाल्ली. "निर्णय परवा आहे हो," असं मी त्या बाईंना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "परवा हाय न्हवं? मग आज खावा."

विजयाबाईंचं शेत तिसरं. पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, हायस्कूलला विज्ञान शिकवणाऱ्या. मला बघून त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी कोपीपाशी आपल्या सगळ्या घराला बोलावून मला इंजिन समजावून सांगायला लावलं. मी पर्समधली झेरॉक्स काढली आणि त्यांच्या सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. "एवढाच धक्का असतो, आजी."

आजींनी हात वरखाली करून बघितला. "एवढ्यानं काय ढकलतंय?"

"तीन वर्षं ढकलायचं असतं."

"थांबत न्हाई ना मधी?"

"आत्ता थांबलंय," मी म्हटलं.

"मग चालू करा की. चाललं तर ढकलंल," आजी म्हणाल्या, आणि त्याच हाताने मला आंबिलीचा पेला द्यायला गेल्या. पेला कलंडला. आंबील थेट सहा रकान्यांवर. सगळे हळहळले, विजयाबाईंनी पदराने कागद टिपला आणि कडब्याच्या पेंढीवर वाळत घातला. तेवढ्या वेळात मला आणखी एक उंडा खावा लागला. कागदाला आलेला आंबूस वास आजही गेलेला नाही.

बाईंकडून कळलं की अण्णा चार-पाच दिवसांपूर्वी औरादच्या अंगाला, चिंताकीकडे गेले. त्यांनी आणखी एक सांगितलं. कळप शेतात बसला होता तेव्हा त्यांनी अण्णांना विचारलं होतं की मेंढरं किती आहेत. "तर म्हणले, हायत की बक्कळ. आकडाच सांगितला न्हाई. सांगत न्हाईत त्यांच्यात, दृष्ट लागते म्हणून." हे ऐकून त्या हसल्या. माझ्या खटल्यात मात्र आणखी एक पुरावा जमा झाला. आकडे मांडायलाच ज्याच्या घरी बंदी, त्याच्या हाती आम्ही मोजमापाचा कागद दिला होता.

चिंताकी, गुरुवार

औरादच्या लॉजवर सुसला खाऊन निघालो. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिलेला हा पदार्थ आमच्या पोह्यांचा मावसभाऊ आहे आणि पोह्यांपेक्षा घशाखाली लवकर उतरतो. त्या सकाळी मला उतरेल असं तेवढंच होतं. पुण्याहून निखिलचा फोन दोनदा येऊन गेला. निखिल आमच्या यानाचं नियंत्रण सांभाळतो, आणि त्याचा आवाज नेहमीपेक्षा सभ्य झाला होता, म्हणजे परिस्थिती वाईट होती.

चिंताकीला लोक मराठीत सुरू करून कानडीत वळतात आणि वाक्याच्या शेवटी तेलुगू येते. एका पानपट्टीवाल्याने तिन्ही भाषांत मिळून दिलेला पत्ता सलीमभाईंना बरोबर समजला. तळ्याच्या पलीकडे, तूर काढून मोकळ्या झालेल्या रानात, मेंढरं दिसली. बांधावर बाभळीखाली डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन अण्णा बसले होते. हातात टकळी होती, लोकर कातत होते. तीच बोटं. मी सहा-सात वर्षं त्या बोटांकडे बघून निश्चिंत झोपले होते.

ते गडबडीने उठले. "मॅडम? तुमी इथं कामून आलाव?"

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. ओल्या-वाळल्या कागदाची घडी उलगडून त्यांच्या हातात दिली आणि इंजिन बंद पडल्याचं सांगितलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला. एकदा वासही घेतला. आणि मी जे बोलू नये तेच आधी बोलले.

"अण्णा, रागावू नका. त्या दिवशी जाळीला भंडारा लावला होतात का?"

त्यांचा चेहरा उतरला. मला तिथल्या तिथं गाडीत जाऊन बसावंसं वाटलं.

"मॅडम," ते म्हणाले, "देव कुठं ठिवायचा ते कळतंय मला. खोलीच्या भायेर, चौकटीला लावत व्हतो. मग तोंड धुऊन आत जात व्हतो. तीस वर्षं."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण माफ केलं की नाही ते कळलं नाही. मग त्यांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हेचं विचारायलाव न्हवं? हे लाभाचं घर."

मला कळेना. त्यांनी खाली बसून मातीत सहा खुणा केल्या, गोलात. त्यांच्या खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. आणि अण्णांचे वडील रास संपली की पहिलं माप पुन्हा भरून बघत, ते नीट भरलं की मगच रास बरोबर धरत. जाळीचे सहा स्क्रू अण्णांनी त्याच रीतीने आवळले होते.

"पयला स्क्रू आवळला अन् मापलं, तर बाकीचे आवळूस्तोर ते हलतंय. मग ते माप खोटं. म्हणून लाभ आधी मांडायचा न्हाई. सगळं उरकलं की परत पयल्याला यायचं, मापायचं, मग मांडायचं. मी कायम तसंच करत आलोय."

यंत्रशास्त्र म्हणून ते पूर्ण बरोबर होतं. आमच्या कार्यपद्धतीच्या जाड पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं, एवढंच. "मग परत मापलं होतं का?" मी विचारलं.

"मापलं की. जरा कमी आलं. म्हणून स्टोअरातून वॉशर आणला, बदलला, सगळा फेरा परत केला. लाभ बरोबर बसला, बाकी पाचाइतकाच. पर मांडायला बघतो तर कागद टेबलावर न्हाई. भायेर गाडी उभी व्हती इंजिन न्यायला. कागद तुमच्या हातात व्हता."

"माझ्या?"

"तुमी दारात फोनवर व्हताव. तुमच्या आईला दवाखान्यात न्यायलेत म्हणून फोन आलता. मी म्हणलं, मॅडम, लाभ बसला, बाकीच्याइतकाच हाय. तुमी म्हणलाव, हो हो, मी मांडते."

आईचा फोन मला आठवत होता. दवाखान्याच्या भिंतीचा हिरवा रंग आठवत होता, डॉक्टर काय म्हणाले ते आठवत होतं. आणि त्या बांधावर उभं असताना, इतक्या वर्षांनी, खांद्याशी आलेला अण्णांचा आवाजही आठवला. मी त्यांच्याकडे न बघता मान हलवली होती. मग सही केली होती. सहाच्या सहा रकाने न बघता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कमठाण्यापासून तीन गावं मी एका निर्दोष माणसाचा गुन्हा शोधत आले होते.

"तुम्ही नंतर विचारलं का नाही मला?" मी म्हटलं, आणि विचारतानाच लाज वाटली.

"तुमी मांडते म्हणलाव. मग मी कशाला विचारू?"

रेंज तळ्याच्या बंधाऱ्यावर होती. धावत गेले. निखिलला सगळं सांगितलं, माझ्या भागासकट. मग त्याने अगदी बरोबर प्रश्न विचारला. तोंडी आठवणीवर, तीही इतक्या जुन्या, यान सूर्याकडे वळवायचं का?

"स्टोअरची फाईल काढ," मी म्हटलं. "त्या तारखेला अण्णांच्या सहीने एक वॉशर निघालाय का बघ."

वीस मिनिटं मी बंधाऱ्यावर येरझाऱ्या घातल्या. सलीमभाई लांबून हाताने 'नक्को नक्को' करत होते. अण्णा मात्र परत बाभळीखाली जाऊन टकळी फिरवत बसले होते. फोन वाजला. चिठ्ठी सापडली होती. तीच तारीख, एक वॉशर, अण्णांची सही. म्हणजे अंतर बरोबर होतं आणि अडकला होता तो कपचाच.

मी खाली येऊन ते सांगितलं. अण्णांनी टोपलीतून भाकरी काढली, वर शेंगादाण्याची चटणी ठेवली, आणि अर्धी माझ्या हातावर दिली. तीन दिवसांतली ती पहिली भाकरी जिची चव मला लागली. निघताना मी पुन्हा माफी मागितली. ते म्हणाले, "जावा आता. उशीर होईल."

पुणे

शुक्रवारी यान वळवलं. तापवलं, फिरवलं, गार केलं, पुन्हा तापवलं. तिसऱ्या फेऱ्यानंतर इंजिन चालू केलं आणि आम्ही सगळे खुर्च्यांच्या कडेवर बसून घड्याळ बघत राहिलो. ज्या मिनिटाला ते दरवेळी बंद पडत होतं ते मिनिट गेलं. त्यानंतरचंही गेलं. तासाभराने निखिल चहा आणायला उठला तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

कमठाण्याला मी त्याच दिवशी फोन केला. अक्काने या वेळी उचलला. निरोप देते म्हणाली. अण्णांचा फोन आला तो अकराव्या दिवशी, मेंढरं घेऊन घरी परतल्यावर.

"चालायलंय का?"

"चालू आहे अण्णा. एकदाही थांबलं नाही."

"अन् त्या पयल्या घरात काय मांडलाव?"

मागाहून आकडा भरायला आमच्याकडे परवानगी नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी सांगितलं की रकाना कोराच ठेवला आहे. त्याखाली आजची तारीख टाकून लिहिलं आहे की हे माप वेळेवर घेतलं होतं, मला सांगितलं होतं, आणि मी ते मांडलं नाही. खाली एकच सही आहे, माझी.

पलीकडे अक्काच्या भांड्यांचा आवाज येत राहिला. 

"मग रास बरोबर हाय, मॅडम," ते म्हणाले.